माझे पेपर लिहिणाऱ्या मुलामुलींना

नाशिकच्या माझ्या लेखनिकांनो,

एम. ए. चा निकाल लागला. इतिहास, प्रथम श्रेणी. गुणपत्रिकेवर नाव माझं एकटीचं आहे आणि ते बरोबरच आहे. पण उत्तरपत्रिकांमधली एकही ओळ माझ्या हातची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. काचबिंदूने माझी नजर मोठेपणी गेली. लहानपणापासून ब्रेल शिकलेली मुलं बोटांनी झरझर वाचतात. माझ्या बोटांना तो वेग आला नाही. त्यामुळे परीक्षेत मी सांगायचं आणि शेजारच्याने लिहायचं, हाच मार्ग उरला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या की परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं हवं. आणि दर तासामागे किमान २० मिनिटं जादा द्यायची. म्हणजे एम. ए. वालीला पदवीची मुलं लागणार आणि तीन तासांच्या पेपरला ती चार तास अडकणार. कागदावर हे सोपं दिसतं. ऐन परीक्षेच्या दिवसांत, स्वतःच्या सबमिशनच्या फाइली सोडून कोण येणार?

तुम्ही आलात. कोणी सिडकोतून, कोणी नाशिकरोडहून, एक जण तर दिंडोरीकडच्या गावातून पहिली एसटी धरून. द्राक्षवाल्यांच्या घरी ऑक्टोबर छाटणी म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. छाटणी झाली की वेलीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागांना, पेस्ट लावायची घाई, मजूर मिळत नाहीत, घरातला प्रत्येक हात लागतो. त्या दिवसांत हा मुलगा सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून चालत कॉलेजवर यायचा. "घरी काय सांगितलंस?" विचारलं तर म्हणाला, "ताई, सांगितलं पेपर आहे. कोणाचा ते नाही सांगितलं."

लेखनिकाचं काम म्हणजे नुसतं भराभर लिहिणं, असा एक समज आहे. चांगला लेखनिक आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट एका दमात वाचतो, म्हणजे मला डोक्यात वेळेची वाटणी करता येते. मी थांबले की शेवटचं वाक्य वाचून दाखवतो. किती पानं झाली, किती वेळ उरला, ते न विचारता पण मोजकंच सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं त्याच्या भरवशावर असतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आवाज सपाट ठेवणं. पर्याय वाचताना एकावर जरा जास्त जोर पडला तरी मदत केल्यासारखं होतं. मी काही सांगितल्यावर "हं?" असा सूर निघाला, तर माझा विश्वास डळमळतो. तुमच्यातल्या एकीने पहिल्या पेपराआधी विचारलं होतं, "ताई, मी श्वास तरी घेऊ ना?" तिच्यासारखं कोणी लिहिलं नाही, हे इतरांनी मनाला लावून घेऊ नये.

तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. ती बी. कॉम. ची, पंचवटीतली. पेपरात काळाराम मंदिर सत्याग्रहावर मोठा प्रश्न आला. २ मार्च १९३० ला सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा लढा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांनी इथे नाशकात सांभाळलेली आघाडी, वर्षानुवर्षं न उघडलेला दरवाजा आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. मी सांगत होते, ती लिहीत होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात गेली, आम्ही जिना उतरून खाली आलो आणि मग ती म्हणाली, "ताई, माझे पणजोबा होते त्यात." घरात चालत आलेल्या गोष्टी ती मला रिक्षा येईपर्यंत सांगत राहिली. त्यातली एखादी मला आधी कळली असती, तर उत्तर नक्की खुललं असतं. "मग ते तुमचं उत्तर राहिलं नसतं," असं म्हणाली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं असेल?

परीक्षेच्या आधीचंही काम तुमचंच. छापील पुस्तक फोन बऱ्यापैकी वाचून दाखवतो, पण झेरॉक्सची झेरॉक्स आणि हाताने लिहिलेल्या नोट्स पुढे आल्या की तो काहीच्या बाही बोलतो. त्या तुम्ही वाचून पाठवल्यात. तळटिपांसकट. काही रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि एकात पेशवाईच्या ऐन मध्यावर कोणाची तरी आजी विचारते, "कोणाशी बोलतोयस रे एवढा वेळ?" ते मी पुसलेलं नाही.

आता जरा कडू. तुमच्यातले बरेच जण राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. १९६९ पासून चालत आलेली ही योजना. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, तेव्हा प्रमाणपत्र. त्या बिल्ल्यावरच्या कोणार्कच्या चाकाचे आठ आरे दिवसाचे चोवीस तास दाखवतात, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण तुमच्यापैकी एकाने लेखनिकाच्या कामाचे तास त्यात मोजून घ्यायला अर्ज दिला, तर त्याला "फोटो कुठे आहेत?" असं विचारलं गेलं. कॉलेजचं नाव मी घेत नाही. झाडं लावताना फोटो निघतो, घाट झाडताना निघतो, आणि ती कामं व्हायलाच हवीत. परीक्षेच्या खोलीत मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, तिथे फोटो कोण काढणार? ३ डिसेंबरला अपंग दिनाच्या कार्यक्रमात आम्हाला गुलाबाची फुलं मिळतात. त्या खुर्च्यांवर एकदा या मुलांना बसवा, आम्ही टाळ्या वाजवू.

सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. लेखनिकाचा अर्ज परीक्षा विभागात असतो, त्यावर नाव असतं, फोटोही असतो. तोच पुरावा धरा. पेपरचे चार तास धराच, पण आदल्या दिवशीचा सराव आणि रेकॉर्डिंगचा वेळही धरा.

आणि मुलांनो, तुमच्या तासांचा तक्ता करून आणा. तारखा मी माझ्याकडच्या रेकॉर्डिंगवरून पडताळून देते. पेढे घरी ठेवलेत, मिसळही करीन, येण्याआधी फोन तेवढा करा. तक्त्यावर सही मी स्वतः करणार आहे, ती अजून येते मला. कुठे करायची, तिथे माझं बोट टेकवा म्हणजे झालं.

तुमची,
ताई