साउंड कार्ड बदलण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे घरगुती संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली घालावी, असा सल्ला अनेकांना मिळू लागला. सल्ला योग्यच आहे. मात्र तो मानल्यावर संगणक मुका झाला, तर साउंड कार्डालाच दोषी ठरवण्याची जी घाई केली जाते, तिच्याविषयी हे पत्र आहे.

माझ्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घातला. चित्र उत्तम, इंटरनेट उत्तम, पण स्पीकर गप्प. दुरुस्तीच्या दुकानात संगणक न उघडताच ‘कार्ड गेले, यूएसबीचे नवे घ्या’ असे सांगण्यात आले. (त्याच कार्डावर आदल्या संध्याकाळी मी विंडोजमध्ये बातम्या ऐकल्या होत्या!)

बहुतेक घरगुती संगणकांत आवाजासाठी वेगळे कार्ड नसते, मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवरच, त्याची चिप असते. शिवाय मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जाऊ शकतो, म्हणून ग्राफिक्सची चिपही आवाजाचे स्वतंत्र साधन म्हणून नोंदली जाते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एप्ले -एल’ (aplay -l) ही आज्ञा दिली, तेव्हा मला अशी दोन साधने दिसली, आणि लिनक्स सगळा आवाज इमानेइतबारे मॉनिटरकडे पाठवत होते, ज्याला मुळात स्पीकरच नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन मी मदरबोर्डचे साधन निवडले, तरीही शांतताच.

याचे कारण असे की, लिनक्समध्ये आवाजाची व्यवस्था दोन पातळ्यांवर चालते. कार्डाशी थेट बोलणारी आल्सा ही यंत्रणा २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) खालची पातळी सांभाळते, तर तिच्यावर, निरनिराळ्या प्रोग्रॅमचा आवाज तिच्याकडे पोचवायला, पूर्वी पल्सऑडिओ असे आणि आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असते. पडद्यावरची आवाजाची पट्टी शंभर टक्के दिसत असली, तरी खाली आल्सामध्ये एखादी वाहिनी बंद असू शकते. गच्चीवरची टाकी भरलेली आणि मोरीतला कॉक बंद, तसा हा प्रकार. टर्मिनलमध्येच ‘आल्सामिक्सर’ (alsamixer) ही आज्ञा देऊन आल्साच्या पट्ट्या उघडल्या आणि एफ-६ कळीने मदरबोर्डचे साधन निवडले, तर ‘फ्रंट’ वाहिनीखाली ‘एमएम’ अशी अक्षरे होती, म्हणजे ती बंद होती. ‘एम’ कळ दाबून वाहिनी उघडली, बाणाच्या कळीने पट्टी वर नेली आणि स्पीकर बोलू लागले. खर्च शून्य.

काही नव्या लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. त्यांतील आवाजाच्या चिपला स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारी छोटी आज्ञावली, लागते आणि ते नसेल तर सेटिंगमध्ये केवळ ‘डमी आउटपुट’ हे नावापुरते साधन एवढेच दिसते. तेथे मिक्सरशी खटपट करून उपयोग नाही. फर्मवेअरचे पॅकेजच घालावे लागते. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिले आहे, ही सोय मोठीच म्हणावी लागेल. पण तेथेही कार्ड बिघडलेले नसते.

दुरुस्ती करणाऱ्यांनी नवे कार्ड विकण्यापूर्वी एवढी पाच मिनिटांची तपासणी ग्राहकासमोर करावी, अशी अपेक्षा आहे. आपणही तंत्रज्ञानाच्या सदरात या दोन आज्ञा पडद्याच्या चित्रांसह मराठीत समजावून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा