जुन्या जीपचा पहिला खर्च गाडीच्या पोटात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या विकत घेऊन, त्या नव्याने उभ्या करून चोर्ला घाट, जांबोटी आणि तिलारीच्या बाजूला पावसाळी भटकंती करणाऱ्या बेळगावच्या तरुणांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला होता आणि या छंदाला माझा विरोध नाही. मी स्वतः त्यातलाच आहे. परंतु सोबतच्या सगळ्या छायाचित्रांत उंच केलेल्या गाड्या, रुंद टायर आणि टपावर दिव्यांची रांग एवढेच होते, गाडीचे पोट कुठेच दिसले नाही. जुनी गाडी घेणाऱ्याचे पैसे नेमके तिथेच बुडतात, म्हणून हे पत्र.

माझी भातशेती कणकुंबीच्या वाटेवर आहे आणि जून ते सप्टेंबर शेतापर्यंत साधी गाडी जात नाही. म्हणून २०२१ मध्ये मी घाटाखालून, सिंधुदुर्ग पासिंगची, २००४ सालची मारुतीची जिप्सी ही जीप घेतली. रंग चकचकीत होता, सीटची कव्हरे नवी होती आणि खालून डांबरासारखा काळा लेप ताजा मारलेला होता. त्या लेपाला मी आधीच्या मालकाची काळजी समजलो. खानापुरातल्या वयस्क मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडण्याआधी गोणपाट अंथरले आणि लहान हातोडी घेऊन ते गाडीखाली शिरले. पुढून ठोकत येताना चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, आवाज ठण ठण असा येत होता. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) चेसिसला जिथे जोडतात, त्या शॅकलजवळ तो एकाएकी बसका झाला. तिथे त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून जरा दाबले, तर ते मुठीपर्यंत आत गेले आणि लेपासकट गंजाचे पापुद्रे त्यांच्या छातीवर पडले. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीच्या पोकळ चेसिसमध्ये चिखल साचून राहिला, की लोखंड आतून कुजते आणि बाहेरून काही कळत नाही. गंजावर पत्रा ठोकून देणारे पुष्कळ भेटतात, पण त्याचा उपयोग नाही. बोल्ट सोडून बॉडी उचलावी लागली, कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापावा लागला आणि जाड पट्टी घालून वेल्डिंग करावे लागले. हा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा झाला. विकत घेण्याआधी हातोडी फिरवली असती, तर तो भावातून वळता करता आला असता.

दुसरी गोष्ट तेलाची. त्याच दिवशी पुढच्या ॲक्सलचा (चाकांच्या आसाचा) तेल सोडण्याचा ड्रेन प्लग काढला, तेव्हा काळपट गिअर ऑइलऐवजी जास्त दुधाच्या चहासारखा पातळ द्रव ट्रेमध्ये आला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घाट चढून आलेल्या गाडीचे ॲक्सल तापलेले असते आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. तशीच गाडी थंड ओढ्यात घातली, की हवा आकसते आणि आत निर्वात पडतो. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल, तर ॲक्सल तेल अडवणाऱ्या ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. बेअरिंग आणि क्राउन पिनियन ही आतली दातेरी चाके मग एका पावसाळ्यात खराब होतात. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे : ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी आणि पाण्यातून फिरून आल्यावर तेल तपासावे. आपल्याकडे इंजिनासाठी टपाच्या उंचीवरून हवा घेणारा हजारो रुपयांचा स्नॉर्केल आधी बसतो, ही नळी मात्र राहूनच जाते. गळक्या सीलची गाडी ओढ्यात घालू नये याला आणखीही एक कारण आहे. कणकुंबी हा मलप्रभेचा उगम आहे आणि इथल्या ओढ्यांचे पाणी खालची गावे पितात.

त्यानंतर तपासायचे ते पाटे, त्यांचे बुश, पुढची चाके ज्यांवर वळतात ती स्टिअरिंग नकलची किंगपिन बेअरिंगे आणि ब्रेक. जिप्सीला चारही चाकांवर पाटे असल्याने ती मुळातच दणकट, पण हादरे देणारी आहे. पुढची किंगपिन बेअरिंगे झिजली, की एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातात थरथरू लागते; बहुतेक जण चाकांचे बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष तसाच राहतो. सुट्या भागांच्या बाबतीत बेळगावकर सुदैवी आहेत. उद्यमबागेत लेथवर जुन्या मापाचा बुश तासून देणारा कारागीर अजूनही मिळतो.

एवढे झाल्यावरच उंचीचा आणि टायरचा विचार करावा, तोही हात राखून. गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो, ॲक्सलकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात आणि ब्रेकचे होज ताणले जातात. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवतो, तेराशे सीसीचे इंजिन चढावर दमते आणि तेच ब्रेक अपुरे पडू लागतात. मी कंपनीच्याच मापाचे, खोल नक्षीचे टायर घेतले. चिखलात उतरताना त्यांतील हवा २८ वरून १८ पौंडांवर आणतो आणि डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरतो. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे मधले डिफरन्शिअल नसते, म्हणून कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळणे घेऊ नयेत. पुढची आणि मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण शक्ती पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो आणि लिव्हर अडकून बसतो.

सीमाभागात कागदपत्रांचे दुखणे निराळे आहे. आपल्याकडे गाडी कोल्हापूरची, चंदगडची किंवा गोव्याची येते आणि मालक राहतो कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि इथला रोड टॅक्स निराळा. माझे काम रखडले ते त्याच काळ्या लेपामुळे. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेऊ लागलो, तर आकडेच उमटेनात. लेप खरवडून, रॉकेलने पुसून पाच वेळा प्रयत्न केले तेव्हा ठसा आला. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते; व्यवहार ठरवताना सध्याचे शुल्कही हिशेबात धरावे.

लेखात गाडीतील बदलांच्या कायदेशीर बाजूचा उल्लेख नव्हता. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले होते, तरीही ते दुकानात उघड मिळतात. कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत, याचा साधा तक्ता परिवहन विभागाने कन्नडबरोबर मराठीतही लावला, तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबून फसणाऱ्या पुष्कळ मुलांचे पैसे वाचतील.

आपणांस एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर छायाचित्रकाराला एक गोणपाट देऊन पाच मिनिटे गाडीखाली झोपायला सांगावे.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव