लॅमिनेटची फरशी घेताना सांध्याचा विचार करा

महोदय,

पावसाळा सरला की घराच्या डागडुजीची कामे निघतात आणि 'एका दिवसात लाकडी फरशी' अशा जाहिरातीही दिसू लागतात. यातली बरीचशी फरशी लाकडी नसून लॅमिनेटची असते. वस्तू वाईट नाही. पण ती कशाची बनली आहे हे न सांगता विकली जाते आणि त्याची किंमत घरमालक पुढच्या पावसाळ्यात मोजतो.

पट्टीचा गाभा एचडीएफचा असतो, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत दाबून केलेला. त्यावर लाकडाची छपाई असलेला कागद आणि सर्वांत वर मेलामाइनचा कडक थर. या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइड असल्याने ओरखडे कमी पडतात. जुन्या लाद्या न फोडता, सिमेंट न कालवता ही फरशी बसते. दहा बाय बाराची खोली दिवसभरात होते, राडारोडा नाही, आणि हिवाळ्यात पायाला गार लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीला ती खरोखर चांगली.

अडचण पाण्याची आहे. 'वॉटरप्रूफ' म्हणून दुकानात पट्टीवर पाणी ओतून दाखवतात. ते पृष्ठभागाचे खरे आहे. पाणी शिरते ते दोन पट्ट्यांच्या सांध्यातून. गाभ्याने ते शोषले की कडा फुगून वर येतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. लाकडाची छपाई कागदावरची, त्यामुळे खऱ्या लाकडासारखे घासून पॉलिशही करता येत नाही. पट्टीच बदलावी लागते. आपल्याकडे रोज बादलीभर पाण्यात फिनाईल टाकून फरशी पुसतात. ती सवय बदलणार नसेल तर लॅमिनेट घेऊच नये. फडका घट्ट पिळलेला हवा, पुसल्यावर ओल मिनिटभरात उडून जाईल इतपतच. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा, धुण्याची जागा आणि पावसाची झड येणारी खिडकी इथे ती नकोच. तिथे साधी टाइल किंवा एसपीसी बरी. एसपीसीचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसीचा असतो, तो पाण्याने फुगत नाही.

तळमजल्यावर आधी ओल तपासावी. हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लाद्यांवर चिकटवून दोन दिवस ठेवा. खालून दव धरले किंवा लादी काळपट झाली तर काम थांबवा. वाळवीचा त्रास असलेल्या घरात तिचा बंदोबस्त आधी, फरशी नंतर.

बसवताना सर्वाधिक चूक होते ती भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत. ही फरशी जमिनीला चिकटवत नाहीत, ती तरंगती असते. हवेतल्या ओलाव्याने ती पसरते, म्हणून चारही बाजूंना ८ ते १० मिलिमीटर फट हवी. दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपाभोवतीही. विदर्भात मे महिन्यात कोरड्या हवेत भिंतीला भिडवून बसवलेली फरशी जुलैत मधोमध उचलली जाते, ती यामुळेच. स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, फरशीला नव्हे. जड ओटा किंवा भिंतीतले कपाट फरशीवर उभारू नये. ते ज्या जागी दाबते तिथे फरशी अडकते आणि सांधे दुसरीकडे उघडतात.

बाकीची कामे थोडक्यात. खोकी खोलीत आडवी ठेवून ४८ तास हवेशी जुळू द्यावीत. जमिनीवर ठेवलेल्या दोन मीटरच्या सरळ मोजपट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा नसावा, नाहीतर चालताना पोकळ आवाज येतो आणि पट्ट्या एकमेकींत अडकवणारे क्लिकचे लॉक तुटते. खाली ०.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक, जोडावर २० सेंटिमीटर एकावर एक चढवून, आणि त्यावर २ ते ३ मिलिमीटरचा फोम अंथरावा. लगतच्या ओळींचे आडवे सांधे निदान ३० सेंटिमीटर सरकलेले हवेत. उंची एक-दीड सेंटिमीटर वाढते, तेव्हा दार खालून तासण्याची मजुरी दरातच ठरवून घ्यावी. कटाईसाठी माल दहा टक्के जास्त आणावा आणि उरलेले खोके सांभाळून ठेवावे. तोच नमुना काही वर्षांनी मिळेलच असे नाही.

विक्रेत्यांकडे एकच मागणी आहे. कोटेशनवर नुसते 'वुडन फ्लोअरिंग' न लिहिता जाडी (८ की १२ मिलिमीटर), झिजेचा वर्ग (घरासाठी एसी-३, वर्दळीच्या दिवाणखान्याला एसी-४) आणि फॉर्मल्डिहाइडसाठी (राळेतून हवेत सुटणारा त्रासदायक वायू) ई-१ हा मर्यादेचा वर्ग आहे का, हे छापावे. ग्राहकांनीही हे तिन्ही आकडे कागदावर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

– फ्लोअरिंगच्या कामातील एक वाचक, ठाणे