कोणी हिरावून घेऊ शकत नाही असा आनंद

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत आनंदी कसे राहावे याविषयी लेख येत असतात. मी ते आवडीने वाचते. वेळेवर झोप, रोजचे चालणे, मोबाइल बाजूला ठेवून माणसांशी बोलणे, हे सगळे मला पटते आणि जमेल तेवढे मी करतेही. तरी एक प्रश्न राहतोच. ज्याच्याशी बोलावेसे वाटते तोच माणूस समोर शवपेटीत निजलेला असतो, त्या दिवशी काय करायचे? त्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि तरुणपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. लग्ने झाली, बाप्तिस्मे झाले, आणि अंत्यविधी तर कितीतरी.

ऑर्गनवर बसले की मंडळीकडे पाठ असते. चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज येतात. अंत्यविधीच्या पहिल्या गीताचे पहिले कडवे नेहमी पातळ असते. पहिल्या रांगेत कुटुंब बसलेले असते, तिथून काहीच ऐकू येत नाही. मग मागच्या रांगांतले पुरुषांचे खर्जातले आवाज हळूहळू भरत येतात, आणि तिसऱ्या कडव्याच्या सुमारास पुढूनही एखादा फाटका आवाज उमटतो. रडणाऱ्या माणसाचा श्वास ओळीच्या शेवटापर्यंत पुरत नाही, म्हणून मी तिथला सूर थोडा जास्त धरून ठेवते. हे मला कोणी शिकवले नाही, ऐकून ऐकून कळले.

माझे यजमान गेले त्या दिवशी मी वाजवले नाही. पहिल्या रांगेत बसले. तोंडून एक शब्द फुटेना आणि माझ्या वाटचे पुनरुत्थानाचे गीत मागची माणसे गात होती. त्या वेळी मी आनंदात होते असे म्हटले तर ते खोटे होईल. नव्हते म्हटले तरी ते खोटेच. पोटात खड्डा पडलेला होता आणि तरीही हा माणूस हरवलेला नाही, प्रभूच्या हातात आहे, हे इतके पक्के वाटत होते की त्याचे मलाच नवल वाटले. ते पक्केपण मी कमावलेले नव्हते. आदल्या रात्री तर मला धड प्रार्थनाही करता आली नव्हती.

प्रभू येशू आपल्या शिष्यांशी आनंदाविषयी बोलला तो केव्हा, हे पाहण्यासारखे आहे. ज्या रात्री त्याला धरून नेले त्याच रात्री, भोजनानंतर. माझा आनंद तुमच्यामध्ये असावा म्हणून मी हे बोललो, असे तो म्हणतो. तुम्ही रडाल, शोक कराल हेही सांगतो. मग मी तुम्हाला पुन्हा भेटेन आणि तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही, असे वचन देतो. योहानाच्या शुभवर्तमानाचे पंधरावे आणि सोळावे अध्याय काढून पाहा. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ आहे हे ठाऊक असलेला माणूस हे बोलतो आहे. म्हणून मला ते खरे वाटते.

येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाचेही तेच. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री हे दोघे गात होते. पुढे काही वर्षांनी त्याच गावच्या मंडळीला त्याने बंदिवासातून पत्र लिहिले. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे वाक्य त्याच पत्रातले. आम्ही ते भिंतीवर लावतो आणि बाकीचे पत्र विसरतो. याच पत्रात एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरता मरता वाचल्याचे आहे, आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल सरळ लिहितो. त्याच पत्रात मंडळीतल्या दोन स्त्रियांचा तंटा मिटवायची विनंती आहे. पौल डोळ्यांत पाणी आणून लिहितो आहे तेही त्यातच.

हे मी मुद्दाम सांगते, कारण काही प्रार्थनासभांमधून वेगळेच सांगितले जाते. विश्वास ठेवा म्हणजे आजार जाईल, पैसा येईल, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी त्याचा विश्वास कच्चा. याची मला मनापासून चीड आहे. लाजर या मेलेल्या मित्राला आपण कबरेतून उठवणार हे ठाऊक असूनही येशू तिथे रडला. स्तोत्रसंहितेत तर विलापाची स्तोत्रे पानोपानी आहेत. मूल गमावलेल्या आईला हसायला लावणारा उपदेशक तिला येशूपासून दूर लोटतो. आणि ज्याचे मन आजाराने खचले आहे त्याने डॉक्टरकडे जावे, औषध घ्यावे. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याच्याविषयी मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ पुढचे पान उलटले नाही. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री, साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत, त्याला देवाचे सान्निध्य असे काही जाणवले की त्याने ते कागदावर टिपून ठेवले. अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. पुढे, आनंद, आनंद, आनंद, आनंदाश्रू. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराला हा मजकूर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. मधली सगळी वर्षे पास्कल सतत आजारी असे. ती रात्र दोन तासांची होती, पण तो मजकूर त्याने मरेपर्यंत अंगावर बाळगला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांची शेवटची वर्षे गेली होती.

पास्कलसारखा अनुभव सगळ्यांना एका रात्रीत येत नाही, मलाही आला नाही. माझ्या बाबतीत तो उपासनेच्या वाटेने, क्षमा मागत आणि क्षमा करत, प्रभुभोजनाला गुडघे टेकत, सावकाश आला. मध्ये कोरडे दिवसही गेले. मनात कोणाविषयी अढी असली की प्रार्थना घशातच अडकते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पौल गलतीकरांना लिहितो की प्रीती, आनंद, शांती ही पवित्र आत्म्याची फळे आहेत. त्यात प्रीती आधी येते.

कोणी विचारले की सुरुवात कुठून करू, तर मी फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र एका बैठकीत वाचायला सांगते. चारच अध्याय आहेत, अर्धा तासही लागत नाही. आणि ज्याचा आनंद हरवला आहे त्याला 51 वे स्तोत्र. तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे, असे दावीद त्यात मागतो. तो राजा होता, गाणारा होता, तरीही हा हर्ष त्याला स्वतःहून आणता आला नाही, देवाकडे मागावा लागला. तेवढी एक ओळ म्हणता आली तरी पुरे. चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर गप्प बसलात तरी चालेल, तुमच्या वाटचे आम्ही गाऊ.

आपली,
एक वाचक