रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे

महोदय,

हृदयविकारावरच्या लेखांत रक्तवाहिनीला हमखास गाळ साचलेल्या पाइपची उपमा दिली जाते. वडिलांना झटका आला तेव्हा मीही तेच धरून बसलो होतो. पण पाइप निर्जीव असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल अडकले, की रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या संरक्षक पेशी तिथे शिरतात, मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बनून ते कोलेस्टेरॉल गिळत सुटतात आणि चरबीने फुगून तिथेच मरतात. टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशीही येतात. दाह, म्हणजे आतली सूज, वर्षानुवर्षे धुमसतो, चरबीच्या थरावरचे आवरण पातळ होते. ते फाटले की रक्ताची गुठळी. म्हणजे आपली संरक्षक फौजच घर पोखरते!

२०१७ च्या ‘कॅन्टोस’ चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. कोलेस्टेरॉल न घटवता, फक्त दाह रोखणाऱ्या औषधाच्या मधल्या मात्रेने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. त्यामुळे कुणी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल घटवणारे औषध, मनाने बंद करू नये. कोलेस्टेरॉल ही ठिणगी आहेच.

आपल्या आरोग्य पुरवणीत यावर हृदयरोगतज्ज्ञांचा सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा