उरलेल्या भाकरीचे काय होते, ते पाहा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी आपल्या भाचीच्या लग्नाची हकिकत लिहिली होती. मुलगी कॅथलिक, मुलगा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे प्रोटेस्टंट. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) कम्युनियनची, म्हणजे आशीर्वादित भाकर घेण्याची, रांग लागली तेव्हा नवऱ्याकडची माणसे बाकांवरच बसून राहिली, कारण ती एरवी इतर पंथीयांना देत नाहीत. ‘येशू एक, बायबल एक, मग पंगतीत भेद का?’ हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण ‘हा सगळा धर्मगुरूंच्या मानापमानाचा खेळ’ असे जे उत्तर त्यांनी परस्पर देऊन टाकले, ते काही मला पटले नाही.

मी मूळची नगरच्या प्रोटेस्टंट मंडळीतली, आता राहते वसईत, त्यामुळे दोन्हीकडे जाणे-येणे असते. भेद कुठे आहे हे बघायचे, तर उपासना संपल्यावर जरा थांबावे आणि उरलेल्या भाकरीचे काय होते ते पाहावे. कॅथलिक चर्चमध्ये उरलेले होस्त (आशीर्वादित भाकरीच्या पातळ चकत्या) फादर वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात. पेटीशेजारी दिवा अखंड तेवत असतो. पेला पाण्याने विसळतात आणि ते पाणीही पिऊन टाकतात. एखादा होस्त खाली पडलाच, तर तो कुणाच्या पायाखाली येऊ देत नाहीत. ‘हे माझे शरीर आहे’ हे प्रभूचे वाक्य ते शब्दशः घेतात. रूप आणि चव भाकरीची राहते, पण ती आता भाकर नव्हे, असे 1551 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ठासून सांगितले. पेटीसमोर गुडघा टेकणे, कम्युनियनआधी तासभर काही न खाणे, गंभीर पाप घडले असेल तर आधी पापनिवेदन करणे, हे सगळे त्यातूनच येते. 1964 साली पोप सहावे पॉल मुंबईत आले ते ज्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी, ती याच एका संस्काराच्या सन्मानार्थ भरली होती.

आमच्याकडे टेबलावर पांढरेशुभ्र कापड, पावाचे बारीक तुकडे आणि ट्रेमध्ये इवलेसे पेले. पेल्यात न आंबलेला द्राक्षरस. (तो आंबू न देण्याची युक्ती 1869 साली थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकेतल्या मेथडिस्ट दंतवैद्याने काढली, चर्चमध्ये मद्य नको म्हणून!) प्रभुभोजन (कम्युनियनला आम्ही हेच म्हणतो) झाले की उरलेला पाव आम्हा पोरांना मिळायचा आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. नगरला 1831 पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे. त्या वळणाच्या मंडळ्यांत भर ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ या वाक्यावर. भाकर भाकरच राहते. प्रभू भेटतो तो विश्वासाने, असे आम्ही मानतो.

म्हणजे कॅथलिक एका बाजूला आणि प्रोटेस्टंट सगळे एक, असेही नाही. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूने टेबलावरच लिहून ठेवले आणि तो तिथून तसूभर हलला नाही. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, गाडी अडली ती पंधराव्यावर, प्रभुभोजनावर. अँग्लिकनांच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) 1662 च्या प्रार्थनापुस्तकात तर उरलेल्या भाकरीसाठी वेगळा नियमच आहे. आशीर्वादित केलेली चर्चमध्येच आदराने खाऊन संपवायची, न केलेली पाळकाने खुशाल घरी न्यावी. पुण्यात स्पायसर ही शिक्षणसंस्था चालवणारे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात. मलयाळी ऑर्थोडॉक्स मंडळी बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही कम्युनियन देतात. आणि मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत), नगरला बूथ हॉस्पिटल चालवणाऱ्या त्याच मुक्तिफौजेत, प्रभुभोजन मुळी नाहीच. 1882 साली ती मुंबईत उतरली आणि पुढच्याच वर्षी तिचा संस्थापक जनरल बूथने हा विधी बंद केला. कृपा विधीवर अवलंबून नसते, हे त्याचे म्हणणे. शिवाय दारू सोडलेल्या माणसाच्या हाती वाइनचा पेला कशाला द्यायचा, हाही विचार होताच. आता याला मानापमान कसे म्हणायचे?

कॅथलिक मिस्सेत फादर होस्त पुढे धरून ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि घेणाऱ्याने ‘आमेन’ म्हणायचे असते. ते आमेन म्हणजे ‘होय, मी हे मानतो, आणि या चर्चचा आहे’. मी ते मानत नाही. मग रांगेत उभी राहून मी काय म्हणू? मला तिथे बसून राहण्यात कमीपणा वाटत नाही, वाटतो तो खोटे आमेन म्हणण्यात. कॅथलिकांच्या 1983 च्या चर्च-कायद्यात मरणाच्या दारातल्या माणसासाठी वगैरे अपवाद आहेत, पण लग्नाला आलेले पाहुणे त्यात बसत नाहीत.

खटकते ते वेगळेच. लग्नाला निम्मे पाहुणे बाहेरचे असतात, तरी कम्युनियन कुणी घ्यायचे हे कित्येकदा कुणी आधी सांगत नाही. मग शेजारच्या काकू हात पुढे करून रांगेत लागतात आणि फादरांची पंचाईत होते. आणि आमच्यातले काही पाळक मिस्सेला व्यासपीठावरून सरळ मूर्तिपूजा ठरवतात, तेही तिथे एकदा पाऊल न ठेवता.

मतभेद ठेवूनही एकत्र येता येते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. काहींना बालकांचा बाप्तिस्मा मान्य, काहींना फक्त जाणत्या वयातला, तर दोन्ही ठेवले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, तरी ते आमच्या टेबलाशी येतात आणि आम्ही त्यांच्या.

पत्रलेखकांच्या घरात असे आणखी एखादे लग्न ठरत असेल, तर एक सुचवते. कॅथलिक आणि अन्य पंथाचा बाप्तिस्मा झालेली व्यक्ती यांच्या लग्नाला बिशपांची परवानगी लागते, पण ते मिस्सेविना लावता येते. शास्त्रवाचन, वचने, अंगठ्या, आशीर्वाद, सगळे होते, कम्युनियनची रांग मात्र लागत नाही. हे तारीख ठरवतानाच फादरांशी बोलून घ्यावे. पत्रिका छापल्यावर नव्हे.

आपली,
एक वाचक, वसई