मंत्रिमहोदय, स्कॅन होण्याआधी ते खंड रद्दीत का गेले?

मा. मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या इतिहासप्रेमींनी वर्गणी काढून चालवलेल्या एका ऑनलाइन संदर्भ ग्रंथालयाचा मी स्वयंसेवक आहे. गेल्या वर्षी इथल्या कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून शब्द दिला होता, की सरकारी कपाटांतले जुने छापील खंड या मंडळींना स्कॅन करू द्या, एकही कागद वाया जाऊ देणार नाही. त्या शब्दावर विसंबून आम्ही अर्ज केला, यादी मागितली, कॅमेरा बसवायला जागा बघून ठेवली. गेल्या आठवड्यात परवानगीचं विचारायला, हे खंड ठेवलेल्या सरकारी कार्यालयात गेलो तर कपाटं रिकामी. शिपाई म्हणाला, "काका, गाडी भरून गेली की रद्दीला."

तिथल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, खंड जीर्ण झाले होते, निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, नियमानुसार झालंय, दुसरीकडे प्रती असतीलच. कुठे असतील? हे त्यांना सांगता येईना. नोंदवहीत शेरा आहे 'जुनी पुस्तके' आणि पुढे वजन. कोणत्या सालचे, कोणत्या खात्याचे, काही नाही.

त्यांत संस्थानी अमलातले छापील प्रशासकीय अहवाल होते. कोणत्या पेठेत शाळा किती, पटावर कोणत्या समाजाची मुलं किती, प्लेगात काय झालं, धरणाच्या कामाला पैसा किती लागला, हे असल्या अहवालांतूनच कळतं. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी, यापुढे संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना देण्याचा हुकूम काढला. तो करवीर, म्हणजे कोल्हापूर, दरबारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून आज कुणी नाकारू शकत नाही. दरवर्षी २६ जूनला सगळेच पुढारी महाराजांचं नाव घेतात. त्या नावामागचा पुरावा कागदावर आहे, मंत्रिमहोदय, आणि तो कागद आपलं सरकार किलोवर विकतं!

हे काम आम्ही कशातून सुरू केलं तेही ऐका. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं. वडिलांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं कपाटात अशी फुगली की दारं उघडेनात, शेवटी फळ्या फोडल्या. साध्या कागदाची पानं एकेक सोडवून पंख्याखाली वाळवली. चकचकीत कागदावरच्या पुस्तकांची वीट झाली होती. वडील त्या ढिगाशेजारी बसून राहायचे. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे एवढंच सुचलं, की निदान दुसऱ्यांची पुस्तकं तरी पुढच्या पुराआधी वाचवावीत. २०२१ ला पूर परत आलाच.

दिवसभर मी उद्यमनगरात एका कारखान्याचे हिशेब लिहितो. संध्याकाळी आणि रविवारी स्कॅनिंग. जुनं पुस्तक सपाट उघडलं तर शिवण तुटते, म्हणून ते अर्धवट उघडं ठेवून वरून फोटो काढावे लागतात, पान उलटायला दुसरा माणूस लागतो. जुन्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईतली जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली असतात, ती संगणकाला नीट वाचता येत नाहीत. कॉलेजच्या मुली रात्री बसून ओळ अन् ओळ तपासतात. मोडीचे कागद एक निवृत्त तलाठी वाचून देतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा त्यांनी काम सोडलं नाही. कॅमेरा, दिवे, हार्डडिस्क, सर्व्हरचं भाडं सगळं आमच्या खिशातून. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली तेव्हा घरात अबोला झाला. बुरशीच्या धुळीने मला दम लागतो, डॉक्टर रागावतात. आणि माझ्या अर्जावर आपलं कार्यालय लिहितं, 'सदर संस्थेची विश्वासार्हता तपासावी लागेल.'

आमची विश्वासार्हता! मग कपाट रिकामं करणाऱ्यांची कुणी तपासली?

मधल्या काळात कॉपीराइटचं कारणही पुढे केलं गेलं. १९५७ च्या कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीच्या अहवालांवर आज कुणाचा हक्क उरलाय, हे शाळकरी पोरही बोटांवर मोजून सांगेल. माहिती अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवसांची. आमचा अर्ज तेवढ्यात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही गेला नाही.

आणि हे एका कार्यालयापुरतं नाही. केंद्राच्या पुढाकाराने देशभरची लाखो पुस्तकं 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'साठी स्कॅन झाली होती. ते संकेतस्थळ बंद पडलं. त्यांतली कितीतरी मराठी पुस्तकं आज आम्ही वाचतो ती अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेच्या सर्व्हरवर. मराठी अभिजात झाली, पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, आम्हीही पेढे वाटले. अरबी समुद्रातल्या शिवाजी महाराजांच्या स्मारकाचं जलपूजन २०१६ ला झालं, तेव्हा ३,६०० कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत वाचला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर आलं, मंत्री धावले, निधी जाहीर झाला. आगीच्या ज्वाळा दिसतात. रद्दीचा टेम्पो भरताना कुणी बघत नाही, म्हणून त्याची चौकशीही होत नाही. राजांचे पुतळे उभारायला पैसा मिळतो आणि त्यांच्या कारभाराचे कागद ठेवायला एक कोरडी खोली मिळत नाही, हे मला माझ्या मुलीला समजावून सांगता येत नाही.

स्कॅन झाल्याशिवाय १९५० पूर्वीच्या एकाही छापील खंडाचं किंवा हस्तलिखिताचं निर्लेखन होणार नाही, असा लेखी आदेश काढा. आम्ही पैसे मागत नाही. एक टेबल, विजेचं कनेक्शन आणि कपाटाची किल्ली द्या, वाटल्यास तुमचा माणूस शेजारी बसवा.

पण त्याहून घाईचं काम आजचं आहे. विक्रीच्या पावतीवर रद्दीवाल्याचं नाव असणारच. ती पावती आम्हाला पाहू द्या, असा फोन आपण आजच्या आज त्या कार्यालयाला करा. माल कागदाच्या गिरणीत गेला नसेल, गठ्ठे अजून एखाद्या गोदामात बांधलेले असतील, तर तो माणूस मागेल तो दर देऊन आम्ही ते सोडवून आणतो. टेम्पोसुद्धा आमचा.

आपला,
कोल्हापूरचा एक नागरिक